आग कुठून येते? खिशातली जुनी पिस्तुलं आणि विसरली गेलेली काडतुसं

दिवाळीच्या दोन-चार दिवस आधी घरात पत्र्याचं पिस्तूल यायचं आणि त्याच्यासोबत टिकल्यांच्या गुंडाळ्यांचा पुडा. लाल कागदाची अरुंद पट्टी आणि तिच्यावर ठरावीक अंतराने दारूचे ठिपके. गुंडाळी पिस्तुलाच्या पोटात बसवायची, पट्टीचं टोक वर ओढून घ्यायचं आणि चाप ओढत सुटायचं. दर खेपेला पट्टी एक घर पुढे सरकायची, घोडा ठिपक्यावर आपटायचा आणि फट्! पुडा ओटीवर राहून दमट झाला की मात्र दहा वेळा चाप ओढला तरी नुसतंच टक-टक. मग आई तो पुडा इतर फटाक्यांबरोबर उन्हात वाळत घालायची.

पुढे जुन्या शस्त्रांबद्दल वाचायला लागल्यावर कळलं की हीच गुंडाळी एकेकाळी खऱ्या बंदुकीत होती. वॉशिंग्टनमधले एक दंतवैद्य एडवर्ड मेनार्ड यांनी १८४५ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. आणि तिने मान टाकली ती आमच्या टिकल्यांच्याच कारणाने, म्हणजे ओलाव्याने. अमेरिकी सैन्याने १८५५ च्या बंदुकीत ही पट्टी घेतली आणि १८६१ च्या बंदुकीतून काढून टाकली.

जुनं पिस्तूल समोर आलं की बहुतेक जण नक्षी बघतात, मूठ हस्तिदंती आहे का बघतात, नळीवर नाव शोधतात. मी सांगेन, आधी एकच प्रश्न विचारा: याच्यात आग कुठून येते? त्याचं उत्तर मिळालं की पिस्तुलाचा काळ, ते भरायची पद्धत, त्याची दुखणी आणि ते आज कपाटात का पडून आहे, हे सगळं एकेक करून उलगडत जातं.

मुळात गोष्ट साधी आहे. नळीत दारू असते आणि दारूच्या पुढे गोळी. दारू पेटली की वायू होतो आणि तो गोळीला ढकलतो. पण दारू नळीच्या आत बंद आहे, मग तिला पेटवायचं कसं? त्यासाठी दुसरी, अगदी चिमूटभर दारू लागते. ती आधी पेटते आणि आतल्या दारूपर्यंत आग नेते. आपल्याकडे गडांवरच्या तोफांच्या काळात या चिमटीला रंजक म्हणत. आज ‘रंजक’ म्हटलं की मन रमवणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं, पण तोफखान्यातला रंजक हा शब्द निराळा. तोफेच्या मागच्या भोकाला कान म्हणत. कानात रंजक भरायची आणि तिला बत्ती द्यायची. शत्रूची तोफ हाती लागली आणि ओढून नेता येत नसली, तर तिच्या कानात खिळा ठोकून द्यायचा. एवढं मोठं धूड, पण आग आत जायची वाट बंद झाली की नुसतं ओतीव धातू. पिस्तुलांचंही तेच आहे.

आता खिशाकडे येऊ. शिकाऱ्याची बंदूक खांद्यावर असते, सैनिकाचं पिस्तूल म्यानात. खिशातलं पिस्तूल मात्र अंधारात, उलटंपालटं, घामाच्या ओलाव्यात, किल्ल्या आणि सुट्या नाण्यांच्या शेजारी, कापडाच्या धाग्यात गुरफटून पडलेलं असतं. दिवसचे दिवस त्याने तिथे गप्प राहायचं, आपणहून उडायचं नाही, आणि बाहेर काढताना अस्तरात न अडकता पहिल्या झटक्यात उडायचं. आग देण्याच्या ज्या ज्या पद्धती निघाल्या, त्यांची खरी परीक्षा खिशाने घेतली.

पहिली परीक्षा गारगोटीची. साधारण १६१० च्या सुमारास फ्रान्समध्ये हे चकमकीचं यंत्र नीट बसलं आणि पुढची दोनशे वर्षं टिकलं. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा. चाप ओढला की तो पोलादी पत्र्यावर घासत खाली येतो, पत्रा मागे उलटतो, ठिणग्या खालच्या छोट्या वाटीतल्या रंजकीवर पडतात, रंजक भडकते आणि बाजूच्या भोकातून आग नळीत शिरते. हे एका श्वासात सांगून झालं, पण प्रत्यक्षात त्याला वेळ लागायचा. चाप ओढणं आणि बार उडणं यांत कानाला कळेल इतकं अंतर असायचं. आधी ‘फुस्’ आणि मग ‘धाड’. कित्येकदा नुसतंच ‘फुस्’. फुसका बार म्हणजे काय, ते त्या काळच्या माणसाला समजावून सांगावं लागत नसे.

खिशासाठी ब्रिटिश कारागिरांनी या यंत्रात जे बदल केले ते पाहण्यासारखे आहेत. एरवी घोडा बाजूला असतो आणि तो कपड्यात अडकतो, म्हणून त्यांनी तो मधोमध, नळीच्या रेषेत आणला आणि यंत्र पेटीसारखं आत बंद केलं. दारू-गोळी ठासायचा गज ठेवायला खिशात जागा कुठली? म्हणून नळीलाच आटे पाडले. नळी किल्लीने फिरवून काढायची, मागच्या कप्प्यात दारू भरायची, तोंडाशी गोळी ठेवायची आणि नळी परत घट्ट बसवायची. गज लागतच नाही. शिवाय गोळी मागून बसत असल्याने ती नळीपेक्षा किंचित मोठी घेता येई आणि घट्ट जाई. वाटीतली रंजक सांडू नये म्हणून सरकती कडी होती. ती पुढे सारली की घोडा अडायचा आणि पत्राही वाटीवर दाबून बसायचा. इतकं करूनही बारीक भुकटी फटीतून झिरपायचीच आणि हवेतला ओलावा ओढून घ्यायचीच. दक्ष माणूस सकाळी वाटी पुसून रंजक बदलायचा.

ही कोंडी फोडली एका धर्मोपदेशकाने. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनशायरमधल्या बेलहेल्वी गावचे अलेक्झांडर जॉन फॉर्साइथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. वाटीतल्या रंजकीचा भडका आधी दिसायचा, पक्षी सावध व्हायचे आणि गोळी पोहोचेपर्यंत जागा सोडायचे. इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०० मध्ये पाऱ्याच्या एका स्फोटक क्षाराचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. फल्मिनेट म्हणतात त्याला. त्याला ठिणगी लागत नाही, ज्योत लागत नाही, नुसता ठोका पुरतो. मुख्य दारू म्हणून ते निरुपयोगी, कारण त्याचा स्फोट इतका झटक्याचा की गोळी ढकलण्याऐवजी नळीच फुटायची. फॉर्साइथ यांचं मोठेपण असं की त्यांनी अशा क्षारांना दारूची जागा न देता रंजकीची जागा दिली. त्यांनी १८०७ मध्ये पेटंट घेतलं. त्यांचं यंत्र अत्तराच्या कुपीसारखं दिसायचं. कुपी एकदा फिरवली की चिमूटभर क्षार योग्य जागी पडायचा, घोडा त्याच्यावर आपटायचा आणि आग थेट आत. आगीचा उगम ठिणगीतून ठोक्यात गेला. माझ्या मते बंदुकीच्या इतिहासात यापेक्षा मोठं वळण नाही. पुढचं सगळं हे या ठोक्याला वेगवेगळ्या डब्यांत बंद करण्याचे प्रयत्न आहेत.

पहिले डबे अगदी नाजूक होते. कुणी क्षाराची मोहरीएवढी गोळी वळली, तर कुणी तो तांब्याच्या बारीक नळीत भरला. लंडनचे नामांकित कारागीर जोसेफ मँटन यांनी दोन्ही करून पाहिलं. टिकली ती टोपी. तांब्याच्या पातळ पत्र्याची, तळाशी क्षाराचा थर दिलेली इवलीशी टोपी. तिचं श्रेय अनेक जण सांगतात. इंग्लंड सोडून फिलाडेल्फियात गेलेले चित्रकार जोशुआ शॉ यांना तिचं अमेरिकन पेटंट १८२२ मध्ये मिळालं. पिस्तुलाच्या मागे एक पोकळ खुंटी असते. तिच्यावर टोपी चढवायची. घोडा टोपीवर आपटला की ती खुंटीवर चेपते आणि आग खुंटीतून आत उतरते. सांडायला काही नाही, उडून जायला काही नाही आणि पाऊस असला तरी बिघडत नाही.

कोकणात ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिली आहे त्यांना ही टोपी नव्याने सांगायला नको. शेती राखायच्या परवान्यावर रानडुकरांसाठी घरात असायची ती हीच. पुढून दारू, बोळा, छर्रे, वर गजाने ठासायचं आणि मागे टोपी.

टोपी आली आणि खिशातल्या पिस्तुलाचं बस्तान बसलं. वाटी नाही, पत्रा नाही, गारगोटी नाही, त्यामुळे आकार तळहाताएवढा झाला. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर यांची आखूड, एकबारी पिस्तुलं इतकी खपली की त्यांच्या नावात एक ‘र’ जास्त घालून ते सगळ्याच खिशातल्या पिस्तुलांचं नाव होऊन बसलं. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड थिएटरात जॉन विल्क्स बूथने अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेलं पिस्तूल याच घराण्यातलं, टोपीचं. ते आज त्याच थिएटरच्या संग्रहालयात आहे. एकच बार होता, म्हणून बूथने नंतर सुरा काढला. पाच-सहा बारांचं काम हवं असेल तर सॅम्युअल कोल्ट यांचं १८४९ चं खिशाचं रिव्हॉल्व्हर होतं, पण त्याच्या फिरत्या चक्रातल्या दारू-गोळीच्या प्रत्येक घराला वेगळी टोपी. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी पाच-सहा टोप्या एकेक करून चढवायच्या, आणि उडालेल्या टोपीचा फाटका तुकडा यंत्रात पडला की घोडा तिथेच अडकायचा.

इथे ‘काडतूस’ या शब्दाबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण १८५७ च्या संदर्भात तो आपण सतत वाचतो आणि डोळ्यांसमोर पितळी नळकांडं आणतो. ते काडतूस म्हणजे कागदाची पुडी होती. तिच्यात दारू आणि गोळी. चरबी लावलेल्या पुडीचं टोक दाताने तोडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. त्यात रंजक नव्हतीच. टोपी वेगळ्या पिशवीतून काढून चढवावी लागे. दारू, गोळी आणि रंजक तिन्ही एकाच वेष्टनात आली, तेव्हा आज आपण ज्याला काडतूस म्हणतो ते जन्मलं.

या वाटेवरचं मला सगळ्यात आवडणारं काडतूस पॅरिसच्या कासिमिर लफोशो यांचं, १८३० च्या दशकातलं. तळहातावर घेतलेलं ७ मिलिमीटरचं असं एक काडतूस डोळ्यांसमोर आणा. करंगळीच्या नखाहून अरुंद तांब्याची नळी, पुढे शिशाची बोथट गोळी, आणि बुडाजवळ बाजूने बाहेर आलेली पितळेची टाचणी. पोटात एक छोटी टोपी आडवी ठेवलेली असते आणि टाचणीचं आतलं टोक तिच्यावर टेकलेलं. घोडा वरून टाचणीवर आपटतो, टाचणी आत घुसते, टोपी चेपते आणि बार उडतो. आगीचा सगळा संसार काडतुसाच्या आत. पिस्तुलाकडे फक्त ठोका द्यायचं काम.

चक्राच्या प्रत्येक घराला मागच्या कडेला खाच असते आणि काडतूस टाचणी खाचेत येईल असंच बसवावं लागतं. भरलेलं चक्र पाहिलं तर कडेने टाचण्या उभ्या असतात. जुन्या युरोपीय रिव्हॉल्व्हरवर या खाचा दिसल्या की बाकी काही न बघता सांगावं, टाचणीचं आहे. बेल्जियमच्या लिएजमध्ये अशी पिस्तुलं ढिगाने बनली. चाप दुमडून पोटाशी लागायचा, म्हणजे खिशात अडकायला काही नाही. चक्रावर लंबगोलात ‘ईएलजी’ ही रोमन अक्षरं असतील तर तो लिएजच्या तपासणीचा शिक्का. त्याच्या डोक्यावर मुकुट असेल तर पिस्तूल १८९३ नंतर तपासलेलं.

या ७ मिलिमीटरच्या टाचणीने साहित्यात आणि चित्रकलेत आपली खूण ठेवली आहे. १० जुलै १८७३ ला ब्रसेल्समध्ये कवी पॉल व्हर्लेनने कवी आर्थर रँबोवर दोन गोळ्या झाडल्या, त्यांतली एक मनगटात गेली. ते पिस्तूल लफोशो पद्धतीचं, ७ मिलिमीटरचं, त्याच दिवशी विकत घेतलेलं. २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्याला ४ लाख ३४ हजार ५०० युरो मिळाले. आणि व्हिन्सेंट व्हॅन गॉग जिथे शेवटचे दिवस राहिले त्या ओव्हेर गावच्या शेतात १९६० च्या सुमारास नांगराखाली एक गंजून गेलेलं रिव्हॉल्व्हर सापडलं. तेही ७ मिलिमीटरचं लफोशो. त्यांनी १८९० मध्ये स्वतःवर झाडलं ते हेच असावं असा अंदाज आहे, पुरावा नाही. मूठ गेलेली, लोखंड खाल्लेलं, तरी जात ओळखता आली.

टाचणीची उणीव उघड आहे. ती बाहेर असते. काडतूस कसंही कोंबता येत नाही, नेमकं फिरवून बसवावं लागतं, आणि सुटी काडतुसं खिशात टाकणं म्हणजे टाचणीला धक्का लागायची भीती. मग प्रश्न आला की टाचणी काढून ठोका कुठे द्यायचा?

पॅरिसच्याच लुई निकोला फ्लोबेर यांनी १८४५ मध्ये टोपीतच गोळी बसवली. दारूच नाही. नुसत्या रंजकीच्या जोरावर गोळी दिवाणखान्यातल्या निशाण्यापर्यंत जायची. अमेरिकेत होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी ही कल्पना वाढवली. नळीच्या बुडाला पोकळ काठ काढला, रंजक त्या काठात भरली, नळीत दारू आणि पुढे गोळी. घोडा काठावर आपटला की काठ चेपतो आणि आग लागते. १८५७ मध्ये त्यांचं सात बारांचं पहिलं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं, पॉइंट बावीसचं, म्हणजे ०.२२ इंच जाडीच्या गोळीचं. मागून काडतुसं घालायची, पुढचे सोपस्कार नाहीत.

पण मागून काडतुसं घालायची तर चक्राची घरं आरपार हवीत, आणि आरपार घरांचं पेटंट १८५५ पासून रॉलिन व्हाइट यांच्याकडे होतं. स्मिथ आणि वेसन यांनी दर रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट देऊन हक्क घेतला, पण पेटंट राखायच्या कोर्टकचेऱ्या व्हाइट यांच्याच गळ्यात घातल्या. त्या खर्चात त्यांची कमाई वाहून गेली. १८६९ मध्ये मुदत संपली. ती वाढवून मिळावी म्हणून आलेलं विधेयक १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नामंजूर केलं. पेटंट ज्याचं, त्याच्या पदरात सर्वांत कमी पडलं, हे वाचताना आजही वाईट वाटतं.

त्या बारा-चौदा वर्षांत पेटंटला वळसा घालायला बाकीच्या कारखान्यांनी जी काडतुसं काढली, ती आज सगळ्यात दुर्मिळ आहेत. ब्रुकलिनच्या मूर यांच्या पिस्तुलाचं चक्र मागून जवळजवळ बंद, प्रत्येक घराला एक बारीक भोक. काडतूस पुढून घालायचं. त्याच्या बुडाला एक बोंड असतं, ते भोकातून मागे डोकावतं आणि घोडा त्या बोंडावर पडतो. रंजक बोंडात. न्यू हेवनच्या प्लँट नावाच्या कंपनीचं काडतूसही पुढूनच जायचं, पण त्याचं बूड वाटीसारखं खोलगट आणि रंजक वाटीच्या काठात. घरं आरपार नाहीत, म्हणजे पेटंट मोडलं नाही. डोकं मात्र विलक्षण. पेटंट संपताच या काडतुसांचं कारणच संपलं. पिस्तुलं उरली, चांगल्या स्थितीत उरली, आणि त्यांच्यात घालायला जगात काही राहिलं नाही.

काठाच्या काडतुसालाही मर्यादा होती. घोड्याने चेपायचा तर काठ पातळ हवा, आणि पातळ काठ जास्त दाब सोसत नाही. म्हणून मोठी काडतुसं हळूहळू गेली. रेमिंग्टनचं दोन नळ्यांचं पिस्तूल १८६६ पासून १९३५ पर्यंत बनत होतं, पण त्याचं पॉइंट एक्केचाळीसचं काडतूस आज जुन्या वस्तूंच्या खोक्यातच दिसतं. १८५७ चं पॉइंट बावीस शॉर्ट मात्र अजून कारखान्यातून निघतं. ज्या पिस्तुलासाठी ते जन्मलं, ते संग्रहालयात.

शेवटी ठोका बुडाच्या मधोमध आला आणि तिथेच स्थिरावला. इथे लोहाराची भाषा चालते. रंजक चेपायची तर घणाखाली ऐरण हवी. ऐरण टोपीतच बसवायची की नळीच्या बुडात घडवायची, एवढाच प्रश्न. इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांनी ती टोपीत ठेवली, अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी बुडात. दोन्ही १८६६ च्या आसपासची. नवल असं की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात.

याच पद्धतीतलं खास खिशाचं अपत्य म्हणजे पॅरिसच्या गालाँ यांचं १८९० च्या दशकातलं ‘वेलोडॉग’, सायकलस्वारांच्या मागे लागणाऱ्या कुत्र्यांसाठी. ५.७५ मिलिमीटरचं लांबुडकं, काडीसारखं काडतूस. मग ब्राउनिंगची छोटी स्वयंचलित पिस्तुलं आली आणि हा सगळा मेळा उठला. नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंगचंच होतं. टोपी, टाचणी, बोंड यांतलं काही त्यात नव्हतं.

आता कायदा बघा, तोसुद्धा हाच प्रश्न विचारतो. ब्रिटनमध्ये जुनं शस्त्र शोभेची वस्तू मानायचं का, हे त्याचं काडतूस कालबाह्य यादीत आहे का, यावर पुष्कळसं ठरतं. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने काही काडतुसं त्या यादीतून वगळली आणि ती घेणारी पिस्तुलं परवान्याच्या कक्षेत आली. पिस्तुलांत काही बदललं नव्हतं. अमेरिकेत शस्त्र १८९८ पर्यंत बनलेलं आहे का, ही सीमारेषा. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुरातन शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्त करूनही गोळी झाडता येणार नसेल तरच. ‘आजोबांचं आहे’ एवढ्याने भागत नाही.

घरात असं काही निघालं तर दोन गोष्टी मनापासून सांगतो. जुनं काडतूस किंवा टोपी ठोकून, घासून, तापवून बघू नका. दीडशे वर्षांची रंजकसुद्धा जिवंत असू शकते. पोलिसांना कळवा. आणि ठासणीचं पिस्तूल रिकामंच असेल असं गृहीत धरू नका. जाणकार माणूस टोपी किंवा रंजक नाही याची खात्री करून, तोंडासमोरून बाजूला राहून नळीत एक लाकडी काडी अलगद सोडतो, तोंडाशी खूण करतो, मग तीच काडी नळीच्या बाहेरून लावून बघतो. खूण तोंडाशी धरल्यावर काडीचं टोक मागच्या भोकापर्यंत पोहोचलं तर नळी मोकळी. दोन बोटं अलीकडे थांबलं, तर कुणीतरी कधीकाळी भरलेला बार अजून आत बसलेला आहे.